जास्तीची मूठ

चोपडा,
१४ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप भागाआत्यांना पुनमचा वाकून नमस्कार.

फोन केला तर तुम्ही नुसतं 'अं? अं?' करता, आणि मी ओरडून बोलले की तुमच्या आधी आमच्या गल्लीला कळतं. म्हणून पत्र. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तर आता माझं अक्षर लागेल. मास्तरीणबाई आहात, चुका काढू नका.

तुम्ही नव्हतात म्हणून परवाच्या कानबाईच्या उत्सवाचं सांगते. माझ्या माहेरी, पिंप्राळ्याला, ही देवी बसत नाही, त्यामुळे मला अजून या सगळ्याचं अप्रूप आहे. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला नेहमीप्रमाणे गिरधर नाना बसले. भाऊबंदकीत आता तेच सगळ्यांत वडील. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ परातीत टाकायची. सोळा नावं झाली, नानांनी हात झटकला. तर तुमचे धाकटे बंधू, म्हणजे माझे सासरे आबा, मोठ्यांदा म्हणाले, "टाक आखो एक मूठ. मना नातूनी."

मला चौथा महिना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चिरत असलेल्या गंगाफळाकडे. नाना म्हणाले, अरे प्रेमराज, जन्माला तर येऊ दे, देवीला अशी घाई करू नये. त्यावर आबा हसले. म्हणाले, "मना घरमा पोऱ्याच व्हई. देवीले ठाऊक नही व्हई तं मी सांगस तिले." नानांचा हात काही उठेना, तेव्हा आबांनी स्वतःच मूठ भरून टाकली. अर्ध्या भाऊबंदांची पोरं आबांच्या केळीच्या बागेत कामाला आहेत, बोलणार कोण?

त्या मुठीचा रोट नातवाच्या वतीनं मला खायला लावला. दुधाबरोबर ढकलला.

तुमचा भाचा नवल म्हणतो, एवढं काय त्यात. मीही बी.कॉम. झालेली बाई, पण विचारते. असं केल्यानं काही होत नाही ना, आत्या?

तुमची,
पुनम


देवपूर, धुळे,
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पुनम,
आधी तुझ्या पोटातल्या जिवाला आशीर्वाद, मग तुला.

पत्र वाचलं आणि चष्मा काढून तशीच बसून राहिले.

तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आपल्या घरात मूठ वाढते ती पोरगा जन्मला म्हणजे आणि कमी होते ती माणूस गेला म्हणजे. तिसरी वाट नाही. मी लहान असताना एका वर्षी मोजणाऱ्याच्या गडबडीत शालिग्राम काकांचं नाव घ्यायचं राहिलं. चांगला धडधाकट माणूस, पण त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. योगायोग म्हण. मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, वर्गात मीही योगायोगच म्हणाले असते. पण तेव्हापासून आमचे वडील गहू मोजताना घामाने भिजायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता प्रेमराजनं सतरावी मूठ टाकली आहे. तिला माणूस हवा. पोरगा झाला तर ठीक. नाही झाला, तर पुढच्या वर्षी एक मूठ कमी करावी लागेल, आणि ती कुणाची? विचार करवत नाही मला.

आणि 'मना घरमा पोऱ्याच व्हई' म्हणे. मग मी काय केळीच्या खांबाला लागले होते? सख्खी मोठी बहीण जिवंत असताना असं बोलतो. पोरींच्या नावाची मूठ नसते आपल्यात, लग्न होईतो बापाच्या मुठीतलं खायचं आणि लग्नानंतर रोटाला शिवायचंही नाही, म्हणून त्याला वाटतं पोरी जन्मतच नाहीत.

तू त्याला काही बोलू नकोस, सून आहेस. मी लिहिते त्याला, देवीसमोर नाक घासून ये म्हणून. पण एक सांग. त्याला एवढी खात्री आली कुठून?

तुझी,
भागाआत्या


पिंप्राळा, जळगाव,
८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

बाळंतपणासाठी माहेरी आले आहे. सासरहून हे लिहिता आलं नसतं. आबांचा घरात वावर असला की पेनसुद्धा माझ्या हातात चोरल्यासारखं वाटतं.

तुम्ही विचारलंत खात्री कुठून आली. गेल्या वर्षी माझं पडलं असं तुम्हाला कळवलं होतं ना? तुम्ही डिंकाचे लाडू पाठवले होतेत. ते पडलं नव्हतं आत्या. राज्याच्या सीमेपलीकडे कुठल्याशा गावी मला गाडीतून नेलं, एका माणसानं मशीन लावून पाहिलं आणि आबांकडे बघून मान हलवली. मुलगी होती. दोन दिवसांनी पुन्हा नेलं. नवल गाडी चालवत होता. परत येताना त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी तोंड का उघडलं नाही ते मला विचारू नका, मी स्वतःलाच विचारून थकले आहे.

यंदाही तिथेच नेलं. त्या माणसानं अंगठा वर केला. आबांनी वाटेत पेढे घेतले. ही त्यांची खात्री.

मला आता दिवसाढवळ्या भीती वाटते. पोटात लाथ मारली की आनंद व्हायच्या आधी धस्स होतं. कानबाई बाईमाणूसच ना आत्या? गेल्या वर्षीचं तिला कुणी सांगितलंच नाही, असं आबांना वाटतं का? त्याच हातानं तिच्या परातीत मूठ टाकली त्यांनी.

हे पत्र वाचून फाडून टाका.

पुनम


देवपूर, धुळे,
१७ नोव्हेंबर २०२४

बाळे पुनम,

फाडलं नाही. माझ्याच्यानं फाडवलं नाही.

ते लाडू मी किती हौसेनं केले होते. वर चिठ्ठीत लिहिलं होतं, 'देवाची मर्जी.' कुठल्या तोंडानं लिहिलं मी ते? ज्याची मर्जी होती तो घरात पाटावर बसून जेवत होता.

आधी हे डोक्यात पक्कं बसव, की देवीचं भांडण तुझ्याशी नाही. तुला धरून नेलं. भीती वाटली की पोटावर हात ठेव आणि हे मोठ्यानं म्हण, माझी शपथ आहे तुला.

प्रेमराजला मी लिहिलं होतं. त्याचं उत्तर मोबाईलवर आलं, शेजारच्या भाईदासनं वाचून दाखवलं. 'अक्का, तुझं पुराण धुळ्यातच ठेव. देवी माझ्यावर खूश आहे, येऊन बाग बघ.' भाईदाससमोर मान खाली गेली माझी. लहानपणी याच पोराला मी कडेवर घेऊन कानबाईपुढे नाचवलंय.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. मी तर बहिरी, मला नसताच आला ऐकू. पण त्याचे कान धड आहेत. तो ऐकत का नाही?

तब्येत जप. दूध पी.

आत्या


पिंप्राळा, जळगाव,
३० जानेवारी २०२५

ती. आत्या,

मुलगी झाली.

आई रडली, मी हसले. इतकी हसले की नर्सला वाटलं भूल उतरली नाही. तो माणूस खोटं बोलला किंवा चुकला, म्हणून ही जगली. नाहीतर हिलाही त्याच गाडीतून नेलं असतं. हिचं डोकं हुंगते आणि हाच विचार येतो.

नवल आला. दारातच उभा राहिला, मग एकदम येऊन तिची मूठ धरून बसला आणि लहान पोरासारखा रडला. सासूबाई येऊन दृष्ट काढून गेल्या. आबा आले नाहीत. दवाखान्यात अदलाबदल झाली असेल, असा निरोप मात्र आला. बारशालाही येणार नाहीत म्हणे, आणि ते नसताना सासरी बारसं होणार नाही. मला ज्योत्स्ना ठेवायचं होतं. तूर्त सगळे 'छकी' म्हणतात.

सतराव्या मुठीचं नवलनं त्यांना विचारलं. म्हणाले, त्यात काय, पुढच्या वर्षी सोळाच मोजू.

आत्या, एक कमी मोजली तर जाणारा कोण? गिरधर नाना सगळ्यांना सांगत सुटलेत की मीच म्हातारा, मीच जाईन. त्यांनी पानसुपारी सोडली. भाऊबंदकीतल्या बायका माझ्याशी नीट बोलत नाहीत. जणू मी मुलीला नाही, कुणाच्या तरी मरणाला जन्म दिलाय.

पुनम


देवपूर, धुळे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. पुनम,

झबली पाठवते आहे, पिवळं सगळ्यांत मऊ आहे. आपल्या घरात माझ्यानंतर पहिली पोर. मी गल्लीत बत्तासे वाटले.

मी पुष्कळ विचार केला. उपाय एकच दिसतो. मूठ कमी करायची नाही. सतरावी मूठ तुझ्या लेकीच्या नावानं मोजायची, मोठ्यानं, चारचौघांत नाव घेऊन. आजवर पोरीची मूठ कधी मोजली नाही, खरं. पण पोटातल्या गर्भाची तरी कुठं मोजली होती? रीत प्रेमराजनं मोडली, तर ती जोडायचीही त्यानंच. मूठ त्यानं टाकली होती, नाव त्यानंच घ्यायला हवं, दुसऱ्या कुणाचं चालणार नाही.

आणि तो घेईल असं मला वाटत नाही. त्याला मान वाकवायची म्हणजे मान मोडल्यासारखं वाटतं. श्रावणापर्यंत देवीनं दम धरावा, एवढंच रोज मागते.

आत्या


चोपडा,
१२ जून २०२५

ती. आत्या,

वादळाचं ऐकलं असेल. आम्ही सगळे सुखरूप आहोत. पण मी घाबरले आहे, आणि कशाला घाबरले ते इथे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

आमच्या चारी बाजूंच्या बागा झोपल्या. गिरधर नानांचा एक खांब उभा नाही, घडासकट सगळं चिखलात. आबांच्या बागेचं पानही फाटलं नाही. कडेची दोन-चार झाडं कलली, बस. आबा आल्या-गेल्याला बांधावर नेऊन दाखवतात. म्हणतात, बघा, देवी कुणाकडे आहे ते. मुलगी बघायला आले नाहीत ते आबा, पण बाग दाखवायला उन्हात उभे राहतात. छकी पालथी पडून लोळत त्यांच्या पायाशी गेली की पाय उचलून घेतात.

मी तुमचा उपाय सांगितला. म्हणजे नवलनं सांगितला. त्यावर म्हणाले, पोरीची मूठ टाकायची तर मी बांगड्या भरतो.

कधी कधी वाटतं आपणच खुळ्या. त्यांचं काही वाकडं झालं का? मग भीती अजूनच वाढते.

पुनम


देवपूर, धुळे,
२० जून २०२५

चि. पुनम,

तुझी भीती खुळी नाही. मी वर्गात ज्या पोराला छडी मारायचे, त्याची मला काळजी नसायची. ते सुधारणार हे ठाऊक असायचं. पण एखाद्याला सांगून सांगून थकले की मी त्याच्याकडे बघायचंच सोडून द्यायचे. ते पोर खुशीत असायचं, आता बाई ओरडत नाहीत म्हणून.

ती बाग उभी राहिली हे वाचून मला तसंच वाटलं. देवीनं प्रेमराजकडे बघायचं सोडलं की काय?

लेकीला जप. नवललाही सांग, जपून राहा.

आत्या


पिंप्राळा, जळगाव,
१६ जुलै २०२५

आत्या,

नवल दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही.

आपल्याच बागेतून माल भरून ट्रक निघाला होता. वादळानं सोडलेला माल. नवल मोटरसायकलवरून बागेकडे येत होता, वळणावर दोघांनाही दिसलं नाही. डोक्याला मार आहे. डॉक्टर रोज म्हणतात, वाट बघा. मी माहेरून दवाखान्यात जाऊन येऊन असते. छकी चोपड्याला सासूबाईंकडे आहे.

आबा बाहेर बाकावर बसलेले असतात, डोक्यावर टॉवेल घेऊन. जेवत नाहीत. काल मी चहा दिला तेव्हा हाताला धरून मला खाली बसवलं. आजवर माझ्याशी समोरासमोर ते कधी बोललेले नाहीत. हळूच विचारलं, "सोळा व्हतीन का, पुनम?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते मुठी मोजत होते, आत्या. नवलला धरून आणि नवलला सोडून.

मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांचं वाईट व्हावं असंही मनात आलं होतं. पण हे नाही. हे मी मागितलं नव्हतं. देवीला सांगा ना, हे मी मागितलं नव्हतं.

कानबाई तीन ऑगस्टला आहे. मी इथून हलू शकत नाही. तुम्ही जाल का चोपड्याला? आबा काय करतील कुणालाच ठाऊक नाही.

पुनम


चोपडा,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पुनम,

आज देवीला नदीवर पोचवलं आणि आल्या आल्या लिहायला बसले. फोनवर तुला त्रोटक कळलं असेल, पण काल जे झालं ते नीट कळायला हवं.

सकाळीच तुझा निरोप आला की नवलनं डोळे उघडले, पाणी मागितलं, तुला नावानं हाक मारली. सगळं घर रडलं. तुझ्या सासूनं छकीला उचलून अख्ख्या गल्लीत फिरवलं. भाऊबंद म्हणाले, झालं, देवी पावली, आता निवांतपणे गहू मोजा. मी प्रेमराजकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता पुन्हा छाती काढणार. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

नानांनी परात पुढे घेतली. नावं घेत गेले. पंधरा मुठी झाल्या आणि प्रेमराजचं नाव आलं, तसा त्यानं नानांचा हात धरला. म्हणाला, थांब, आधी हिची टाक. आणि पहिल्यांदाच त्यानं तुझ्या लेकीला उचलून मांडीवर घेतलं. नानांनी विचारलं, नाव काय घेऊ? मला वाटलं याला कुठलं ठाऊक. पण तो म्हणाला, "ज्योत्स्ना." स्पष्ट म्हणाला, मलासुद्धा ऐकू आलं. म्हणजे ऐकत होता बाई तो, सगळं ऐकत होता.

पोरीच्या नावाची मूठ पडली. मला हायसं वाटलं. मी उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आते मनी मूठ काढ. मनी जागावर आखो एक पोर शे."

कुणाला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. त्या गाडीचं, त्या गावाचं, गेल्या खेपेच्या पोरीचं, सगळ्या भाऊबंदांसमोर, परातीकडे बघत. त्याचा आवाज बसला होता. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. नाना म्हणाले, अरे, जित्या माणसाची मूठ काढत नसतात आणि मेलेल्याची मोजत नसतात. प्रेमराज म्हणाला, "मी कोठे जिता शे, नाना?" नानांनी मग डोळे मिटले आणि मूठ टाकली. त्या पोरीला नाव नव्हतं. नुसतंच 'पहिली' म्हणाले. परातीत मुठी सतराच झाल्या. त्यात प्रेमराजची नव्हती.

सगळे आत रोट खायला बसले. मी माहेरवाशीण, मला रोट चालत नाही, म्हणून ओट्यावर चहा घेऊन बसले होते. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्याच घरात जेवणं चाललेली, आणि आम्ही दोघं भावंडं बाहेर. मी अर्धा चहा बशीत ओतून त्याला दिला. मला त्याचा राग आहे अजून, पुनम. पण बशी त्याच्या हातात राहीना, म्हणून मीच धरून बसले.

मी म्हटलं, आता कशाला कापतोस? पोरगा वाचला ना?

तो म्हणाला, "तेच भेव शे. मी देवाना पहिलेच तिनी दिधं." म्हणजे यानं आपली मूठ देण्याआधीच देवीनं पोरगा परत दिला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आते ती काय मांगी, अक्का?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. आतली जेवणं थांबली. मी तरीही रस्त्याकडेच बघत राहिले.

नवलला इतक्यात काही सांगू नकोस. तू येशील तेव्हा प्रेमराज तुलाही हेच विचारणार आहे. आजही उठल्यापासून तो तुझी वाट बघतो आहे. काय सांगायचं ते तू ठरव. मी धुळ्याला परत जाते.

तुझी,
भागाआत्या